निळ्या पट्ट्यांची पंगत

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. बादली म्हटल्यावर न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी पितळेची आहे. गोल पोटाची, जाड काठाची, वर भक्कम कडी असलेली. पंगतीत सांबार वाढण्यासाठी मला घडवलं आणि आजवर सांबाराशिवाय दुसरं काही मी पोटात घेतलेलं नाही. एकदा कोणी तरी माझ्यात फरशी पुसायचं पाणी भरायला निघालं होतं, तेव्हा मला पंगतीत फिरवणाऱ्या एकोजीकाकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. असा माझा मान आहे. तो सांगायला मी लाजत नाही, लाजायचं काम स्टीलच्या भांड्यांनी करावं.

मी जन्माने कुंभकोणमची. सुब्रह्मण्य नावाच्या कारागिराने पितळेचा पत्रा तीन दिवस ठोकून मला आकार दिला. मग मला उलटी धरून त्याने बोटाने टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही माझ्यामागेही राहील." राहिले मी. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून नंतर आतून मला कल्हई केली. नवसागराच्या त्या धुराने माझा जीव गुदमरला, पण कथील फिरल्यावर माझं पोट असं पांढरं लखलखीत झालं की मीच माझ्यावर खूश झाले.

जानकीराम नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं. त्यांनी कावेरीकाठच्या गल्लीत नुकतंच जेवणघर उघडलं होतं. त्यांचं घराणं मराठी. तंजावरच्या मराठी राज्यात त्यांचे पूर्वज इकडे आले ते इकडचेच झाले. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, असा या घराचा रिवाज. ती मराठी थोडी जुन्या वळणाची, पण माझ्या कानांना तीच गोड लागते.

जानकीरामांचा धाकटा भाऊ एकोजी तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने डाव्या हातात माझी कडी धरली, उजव्या हातात पळी घेतली, आणि त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं आम्ही दोघं पंगतीत फिरलो. आज सगळे त्यांना एकोजीकाका म्हणतात. पानावर भाताचा ढीग, ढिगात बोटाने केलेला खळगा आणि त्या खळग्यात मी, असा आमचा क्रम. वकील येत, शाळामास्तर येत, देवदर्शनाला आलेली कुटुंबं येत. काकांना कोणी "इकडे वाढा" म्हणून हाक मारायची कधी वेळच आली नाही. खळगा रिकामा व्हायच्या आत त्यांची पळी तिथे पोचलेली असायची. तिरुवलंचुळीच्या विनायकाच्या दर्शनाला येणारे एक म्हातारे वैद्य तर म्हणायचे, "दर्शन निमित्त आहे, मी या बादलीसाठी येतो." मी तोऱ्यात डुलायचे आणि काका मला म्हणायचे, "नीट राहा, सांडशील."

मग दिवस पालटले. जानकीराम वारले. त्यांची मुलगी श्रीविद्या जेवणघर बघू लागली. लोक बसून जेवण्याऐवजी डबे बांधून नेऊ लागले. डब्यांना बादली कशाला हवी? मला वरच्या फळीवर ठेवलं गेलं आणि मी तिथे दोन वर्षं काढली. कल्हई विरली, पोटात हिरवट डाग पडला, काठावर धूळ साचली. खाली स्टीलची एक छोटी बादली खडखड करत फिरायची, तिचा आवाज ऐकून माझा नुसता संताप व्हायचा. पण फळीवरच्या भांड्याचा संताप कोणाला दिसतो?

एके दिवशी वाणी नावाची मुलगी जेवायला आली. आमच्या गावापासून दोन तासांवर समुद्रकाठी एक मोठा रिसॉर्ट आहे, तिथल्या पाहुण्यांना फिरवायचं तिचं काम. त्या रिसॉर्टची तऱ्हा अशी, की एकदा मनगटावर निळी पट्टी बांधली की सगळं त्यात आलं. खोली, पोहणं, सकाळचं खाणं, दुपारचं खाणं, संध्याकाळचं खाणं, मध्ये वाटेल तेव्हा शहाळं. पाहुण्यांना आठवड्यातून तीन दिवस कुंभकोणमची देवळं दाखवायची आणि इथेच कुठे तरी जेवू घालायचं, असं ठरत होतं. ते जेवणही निळ्या पट्टीतच येणार होतं. वाणी पोटभर जेवली आणि श्रीविद्याला म्हणाली, "अक्का, आमच्याकडे चाळीस पदार्थ मांडलेले असतात, पण असं बसवून कोणी वाढत नाही. मी पाहुण्यांना इथेच आणते."

त्याच आठवड्यात मला फळीवरून उतरवून कल्हईला पाठवलं. पांढरं पोट घेऊन मी परत आले, तेव्हा एकोजीकाकांनी माझ्यावर टिचकी मारली. आवाज तोच होता.

काय सांगू तुम्हाला, मित्रांनो, ते पाहुणे कसे होते. समुद्राच्या उन्हाने लाल झालेली नाकं, डोक्यावर टोप्या, आणि बाकावर बसल्या बसल्या केळीच्या पानाचा फोटो. सुरुवातीला ते चमचा शोधत. मग शेजाऱ्याचं बघून बोटं भातात घालत, आणि एकदा घातली की काढायला तयार नसत. कोणी म्हणे, रिसॉर्टात इतकं असून रोज तेच दोन पदार्थ घेतो, कारण बाकीचे काय आहेत ते कोण सांगणार? इथे काका प्रत्येक पदार्थ वाढताना त्याचं नाव सांगत. पुण्याचं एक जोडपं आलं होतं. काका आणि श्रीविद्या आपसांत बोलताना ऐकून ते गृहस्थ थबकले. म्हणाले, "अहो, तुमचं मराठी ऐकून कोणाचं तरी जुनं पत्र वाचतोय असं वाटतं." काका म्हणाले, "पत्र वाचून पोट भरत नाहीं. सांबार घ्या." ते गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

थोडक्यात, आमचं बरं चाललं होतं. जेवणघर पुन्हा नांदतं झालं. स्वयंपाक करणारी विशालाक्षी पहाटेच सुंदरपेरुमाळ कोयिल या जवळच्या गावाहून आलेल्या ताज्या भाज्या निवडायला बसायची. आणि मग ती चूक झाली. चूक आमच्या हातून झाली, आणि आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकली असती.

इंगर नावाच्या एक वृद्ध बाई होत्या, डेन्मार्क देशाच्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, एकट्याच आलेल्या. पुढ्यात आलेलं सारं संपवायचं, कण टाकायचा नाही, अशी त्यांची लहानपणापासूनची शिकवण. त्यांच्या दृष्टीने रिकामं पान म्हणजे "माझं झालं, आभारी आहे". आमच्या घरात रिकामं पान म्हणजे यजमानाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट. शिवाय आमच्याकडे "पुरे" या शब्दाला काही किंमतच नाही. पहिलं "पुरे" भिडेचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा पाहुणा पुढे वाकून दोन्ही हात पानावर आडवे धरतो, तेव्हा कुठे वाढणारा थांबतो. हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, म्हणूनच पाहुण्यांना सांगायला हवं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

इंगरबाईंनी पान संपवलं. काकांनी वाढलं. बाईंनी तेही संपवलं आणि हसून हात जोडले. काकांना वाटलं, वाहवा करताहेत. त्यांनी आणखी दोन पळ्या वाढल्या. असं पाच वेळा झालं, मग रसम, मग गोड पायसम, मग दहीभात. मी काय करत होते विचाराल, तर खोटं कशाला बोलू, मी फुगले होते. इतक्या वर्षांत आज कोणी तरी माझी खरी परीक्षा घेतंय, अशा ऐटीत मी हिंदकळत होते. अति तेथे माती, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

परत जाताना गाडीतच बाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिसॉर्टवर डॉक्टर बोलवावे लागले. दोन दिवस त्या खोलीतून बाहेर पडल्या नाहीत, समुद्रही त्यांनी खिडकीतूनच पाहिला.

तिसऱ्या दिवशी रिसॉर्टचे व्यवस्थापक रविशंकर यांचा फोन आला. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत, पण बोलले ते स्पष्ट. पाहुण्यांना कोणी आग्रह करायचा नाही, कोणी वाढायचंच नाही. पदार्थ टेबलावर मांडायचे, ज्याचं त्याने घ्यायचं. शुक्रवारी ते स्वतः बघायला येणार होते. त्यांच्या मनासारखं झालं नाही, तर पाहुणे दुसऱ्या हॉटेलात जाणार होते.

विशालाक्षी म्हणाली, "बादलीची कल्हई गेली असेल, सांबार कळकलें असेल त्यांत." ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एकोजीकाकांनी मला उचलून उन्हात नेलं, आत बोट फिरवलं, बोट पाहिलं. माझं पोट पांढरंशुभ्र होतं. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच पडला. पण काका तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "हिचा दोष नाहीं. दोष माझ्या हाताचा."

श्रीविद्या त्यांच्याजवळ येऊन बसली. "काका, रागावूं नका. हे पाहुणे गेले तर जेवणघर बंद करावें लागेल. मला दुसरी वाट दिसत नाहीं."

"मग मी काय करूं?"

"तुम्ही दारांत उभे राहा. येतील त्यांना नमस्कार करा."

काकांनी मला पायरीवर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बरें." चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाने उभ्या गावाला वाढलं, त्याला दारात बाहुलीसारखं उभं राहायला सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी वाटलंच, पण काकांसाठी जास्त वाटलं.

शुक्रवार आला. भिंतीला लागून लांब टेबल मांडलं, त्यावर झाकणाची भांडी, शेजारी ताटांची चळत. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलं होतं, तिथून सगळं दिसत होतं. निळ्या पट्ट्यांचे पाहुणे रांगेने आले. आपला हात जगन्नाथ. एका गृहस्थाने पायसम भातावर ओतून घेतलं आणि निमूटपणे खाल्लं, त्याला सांगणार कोण? बाकीचे ताटं घेऊन दूर दूर बसले आणि फोन बघत जेवू लागले. रविशंकर मात्र समाधानी दिसत होते. सारं स्वच्छ, झटपट, शांत. काका धुतलेली वेष्टी नेसून दारात हात जोडून उभे होते.

गाडीतून सगळ्यात शेवटी इंगरबाई उतरल्या.

त्यांना पाहून काकांचा चेहरा उतरला. ते दोन पावलं पुढे झाले आणि वाणीला म्हणाले, "त्यांना सांग, माझं चुकलं. मी बघायला हवं होतं." वाणीने इंग्रजीत सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली आणि आत आल्या. रिकामं ताट हातात घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या, पण झाकण काही उघडेनात. मग मागे वळून त्यांनी वाणीला काही विचारलं.

"त्या विचारताहेत, बादलीवाले काका आज वाढत का नाहीत?"

जेवणघरात सगळ्यांचे हात थांबले. रविशंकर घाईने पुढे आले आणि म्हणाले, की तुम्हाला त्रास झाला म्हणून आम्ही पद्धत बदलली. बाई सावकाश बोलू लागल्या, आणि वाणी आमच्यासाठी ते तमिळमध्ये सांगत गेली.

"त्या म्हणतात, दोष जेवणाचा नव्हता. त्यांचे पती जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या ताटात कोणी काही वाढलेलं नाही. रिसॉर्टात सगळं आहे, हवं तितकं आहे, पण ते आपलं आपण घ्यायचं. त्या दिवशी हे काका वाढत राहिले आणि काकांनी थांबावं असं बाईंना वाटेना. पोट कधीच भरलं होतं. आणि पुढे थांबवायचं होतं, तर कसं थांबवायचं ते माहीत नव्हतं. उद्या त्या आपल्या देशाला परत जाणार. म्हणून म्हणतात, मला पुरे म्हणायला शिकवा आणि जेवायला वाढा."

श्रीविद्याने रविशंकरांकडे पाहिलं. ते टेबलापासून बाजूला सरले. तोच होकार समजून तिने स्वतःच्या हाताने केळीचं पान मांडलं आणि बाईंना बसवलं. मग पुढे वाकून दोन्ही हात पानावर आडवे कसे धरायचे ते करून दाखवलं. बाईंनी दोनदा करून पाहिलं. आणि काका मला घ्यायला आले.

माझी कडी पुन्हा त्यांच्या डाव्या हातात आली. त्यांनी एक पळी वाढली. बाई जेवल्या. दुसरी वाढली. तीही जेवल्या. तिसरी पळी भरून काका वाकले आणि बाईंनी दोन्ही हात पानावर धरले. पहिल्याच खेपेला, एकदाही "पुरे" न म्हणता.

मित्रांनो, तुम्हाला हे छोटं वाटेल. पण ती भरलेली पळी हवेतच राहिली. जन्मभराची सवय हाताला पुढे ढकलत होती. काकांच्या तोंडून "थोडेंसें" एवढा शब्द निसटलाच. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पानाकडे नाही, चेहऱ्याकडे. आणि पळी माझ्यात रिती केली.

आजूबाजूचे पाहुणे एव्हाना ताटं घेऊन जवळ सरकले होते. ज्याने पायसम भातावर ओतलं होतं, त्याने पुढे येऊन रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. श्रीविद्याने त्याला पान मांडलं, मग आणखी एकाला, मग आणखी चौघांना. रविशंकर थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "मलाही मांडा." पोटभर जेवून उठल्यावर ते श्रीविद्याला म्हणाले, "पंगत राहू द्या. फक्त प्रत्येक पाहुण्याला बसताना हे हात धरायचं शिकवायचं, आणि हात दिसले की थांबायचं." श्रीविद्या हो म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात निघून गेली. जेवणघर वाचलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तरी मी आयुष्यभर मिरवलं असतं. पण इंगरबाई बाकावरून उठल्या नव्हत्या. त्यांनी वाणीला विचारलं, "यांना कोण वाढतं?"

वाणीने प्रश्न काकांना सांगितला. काका हसले. "वाढप्याला कोण वाढणार? सगळ्यांचं आटोपलं की मी आपलं घेऊन खातो, उभ्या उभ्या."

बाई उठल्या. आपली जागा दाखवून त्यांनी काकांना बसायची खूण केली. काका कावरेबावरे झाले. श्रीविद्या दारात येऊन उभी होती, तिच्याकडे बघून म्हणाले, "पाहुणीनें वाढायचें? असें कोठें असतें?"

"बसा, काका," श्रीविद्या म्हणाली. "त्यांना नाहीं म्हणूं नका."

काका बसले. ज्या बाकांच्या पुढून त्यांनी अख्खा जन्म फेऱ्या मारल्या, तिथे ते पहिल्यांदाच बसत होते. विशालाक्षीने पान मांडून भात वाढला. काकांनी भातात खळगा केला, तोही लहान मुलासारखा वेडावाकडा. इंगरबाईंनी माझी कडी धरली. मी जड, त्यांचे हात अशक्त. माझा तोल गेला आणि थोडं सांबार पानाबाहेर सांडलं. एरवी मला ते मुळीच खपलं नसतं. त्यांनी एक पळी वाढली आणि काकांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

काका जेवले. बाईंनी दुसरी वाढली. काका जेवले. त्यांनी तिसरी वाढली. या अख्ख्या गावात पंगत थांबवायची रीत एकोजीकाकांइतकी कोणाला ठाऊक नसेल. पण त्यांचे हात काही पानावर आले नाहीत. ते खाली मान घालून जेवत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

मित्रांनो, मी जुनी आहे. मला घासा, पुसा, वेळेवर कल्हई करा, एवढं तर मी मागेनच, तो माझा हक्क आहे. पण आज त्याहून मोठं मागणं मागते. तुमच्याही घरी कोणी तरी सगळ्यांना वाढून मग शेवटी, उरलंसुरलं, उभ्या उभ्या खात असेल. कधी तरी त्या माणसाला हाताला धरून पानावर बसवा आणि तुम्ही वाढा. वाढताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. भांडं जड लागलं, तर दोन्ही हातांनी धरा.